धर्माची गाय, तिचे दात आणि तिचा चारा

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक कारंजं होतं. एका सभासदाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं. सगळा खर्च त्याचा, संगमरवरी पाटीही त्याचीच. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेले इमोजी आले. दुसऱ्या पावसाळ्यात मोटर जळाली. तिसऱ्या पावसाळ्यात टाकीत डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस आली. नोटिशीवर नाव सोसायटीचं होतं, दात्याचं नव्हतं. कारंजं काढावं तर पाटीवर कुणाचे तरी वडील, चालवावं तर वीजबिल आणि प्लंबर. वार्षिक सभेत हा विषय दरवर्षी 'आयत्या वेळचे विषय' मध्ये यायचा आणि चहा आला की मागे पडायचा.

शहराला कुणी शिल्प, पुतळा किंवा कारंजं भेट देतो तेव्हा हेच होतं. फक्त फाटकाच्या जागी चौक असतो आणि सेक्रेटरीच्या जागी महापालिका. अशी भेट शहराने घ्यावी का, हा प्रश्न वरवर वेडगळ वाटतो. फुकट मिळतंय, कलाकृती आहे, नको कशाला म्हणायचं? आपल्याकडे म्हणच आहे, 'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' फुकट मिळालेल्या गाईचे दात बघू नयेत. घरगुती व्यवहारात हे ठीक आहे, कारण गाय आटली तर नुकसान आपलंच. शहराचं तसं नाही. शहराची गाय शंभर-दीडशे वर्षं जगते आणि चारा घालतात ते लोक, जे गाय घेताना जन्मलेलेही नव्हते. म्हणून शहराने दात मोजलेच पाहिजेत.

आधी कायद्याचं थोडं, कारण इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दान म्हणजे काय ते कलम 122 सांगतं: मोबदल्याशिवाय, स्वेच्छेने दिलेलं आणि घेणाऱ्याने स्वीकारलेलं. यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा. स्वीकार झाल्याशिवाय दान पुरं होत नाही, आणि तो स्वीकारही दाता हयात असताना व्हावा लागतो. म्हणजे 'नको' म्हणणं हा दात्याचा अपमान नाही. तो घेणाऱ्याचा कायद्याने दिलेला हक्क आहे. पुढे कलम 127 मध्ये ओझ्यासह येणाऱ्या दानाचा विचार केला आहे: एकाच दानात काही गोष्टी फायद्याच्या आणि एक बोजाची असेल, तर फायद्याच्या तेवढ्या उचलून बोजा मागे ठेवता येत नाही. घ्यायचं तर सगळं घ्या. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मसुदाकारांच्या डोळ्यांसमोर चौकातले पुतळे नसतील, पण पुतळ्याला हे कलम जितकं चपखल बसतं तितकं क्वचितच कशाला बसेल. तुम्हाला ब्राँझ मिळतं आणि त्याला बांधलेला चारा मिळतो.

उदाहरणासाठी लांब जायला नको. मुंबईचा फोर्ट भाग भेटवस्तूंनी भरलेला आहे.

'काळा घोडा' हे नाव ज्याच्यावरून पडलं तो पुतळा शहराने विकत घेतला नव्हता. 1875-76 च्या हिवाळ्यात ब्रिटिश युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानात आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून ससून डॉक बांधणाऱ्या अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम. 1879 मध्ये तो उभा राहिला. ब्राँझचा रंग काळपट, त्यामुळे लोकांनी युवराजाकडे काणाडोळा करून घोड्याचं नाव घेतलं. दाता, राजपुत्र, शिल्पकार असे तिघंही त्या नावातून गळाले. देणाऱ्याला काय सांगायचं आहे आणि लोक त्यातून काय उचलतात, यांचा संबंध असेलच असं नाही, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

1965 मध्ये तो पुतळा तिथून काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, नेऊन ठेवला गेला. स्वतंत्र देशाच्या व्यापारी पेठेत परक्या राजाचा पुतळा का असावा, या प्रश्नाला दुसरं काय उत्तर होतं? जागा रिकामी झाली, तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि घोडा गेल्यावरही पत्ता 'काळा घोडा'च राहिला.

गंमत अशी की त्याच भागातली दुसरी एक भेट नेमकी उलट्या वाटेने आली आहे. फ्लोरा फाउंटन. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या शेती-बागकामाच्या संस्थेने ते मुळात राणीच्या बागेत बसवायचं ठरवलं होतं. कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्साइथ यांचं, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड स्टोन. मात्र 1864 मध्ये ते उभं राहिलं ते फोर्टात. म्हणजे बागेसाठीचं कारंजं फोर्टात आलं आणि फोर्टातला घोडा शंभर वर्षांनी बागेत गेला. दात्याच्या मनातली जागा आणि शहराने दिलेली जागा यांत अंतर पडतंच. ते पडू द्यायचा अधिकार शहराच्या हातात असावा, एवढंच.

पारेखांचं हे कारंजं पुढच्या दीडशे वर्षांत काय काय सोसत आलं ते बघा. ते वेळोवेळी बंद पडलं. मधल्या काळात कुणाला तरी ते मळकट वाटलं असावं, म्हणून त्या दगडावर रंगाचे हात मारले गेले. वर वर हा सरळ विचार आहे: भिंत मळली की रंग देतो, तसं पुतळ्यालाही. पण दगड श्वास घेतो. त्यात ओल शिरते आणि बाहेर पडते. वरून ऑइल पेंटचा थर चढला की ओल आतच अडकते, क्षार साठतात, आणि काही वर्षांनी रंगासह दगडाचा पापुद्रा निघतो. पाकळी, बोट, नाकाचा शेंडा असं जे नाजूक तेच आधी जातं. अलीकडच्या जीर्णोद्धारात ते थर काळजीपूर्वक उतरवावे लागले, आतल्या नळांचं काम झालं, आणि जानेवारी 2019 मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं. देणगी 1864 ची, काम एकविसाव्या शतकातलं. यालाच मी चारा म्हणतो.

तिसरी भेट सगळ्यात नाट्यमय. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी मुंबईला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा दिला. शिल्पकार मॅथ्यू नोबल. 1872 मध्ये अनावरण झालं तेव्हा खंडेराव हयात नव्हते, 1870 मध्येच ते गेले होते. पुढे 1896 मध्ये एका रात्री कुणी तरी त्या पुतळ्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. 'कुणी तरी' म्हणजे दामोदर चापेकर. पुण्यात रँडवर गोळी झाडण्याच्या आधीच्या वर्षीची ही गोष्ट, आणि नंतर तुरुंगात त्यांनी ती स्वतः कबूल केली. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर त्यात मुरतं. घासून ते निघत नाही, उलट पसरतं. डाग काढण्याचे प्रयत्न फसत गेले. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काम केलं. पुढे 'अलेम्बिक' या औषधांच्या कारखान्याच्या स्थापनेत ज्यांचा वाटा होता तेच हे गज्जर. पुतळा देणारे बडोद्याचे महाराज, डांबर फासणारे पुण्याचे क्रांतिकारक आणि डाग पुसणारे मुंबईचे प्राध्यापक. यातल्या शेवटच्या दोघांना भेट घेताना कुणी विचारलं नव्हतं. दिलेली वस्तू एकदा चौकात उभी राहिली की ती चौकातल्या भांडणांची मालकीण होते. तो पुतळाही आज राणीच्या बागेच्या आवारातच आहे.

(ज्यांना वाटतं 'आपल्या काळात असं होत नाही' त्यांनी आपल्या गावातल्या एखाद्या पुतळ्याभोवतीचा पोलीस बंदोबस्त जयंतीच्या दिवशी बघून यावा. तो खर्चही चाऱ्यातच धरायचा असतो.)

आता खर्चाचा हिशेब. दाता सांगतो तो आकडा शिल्पाचा असतो. त्यात पाया नसतो. क्रेन, वाहतूक, चौथरा, दिवे, कुंपण, विमा, आजूबाजूला हलवाव्या लागणाऱ्या केबल्स नसतात. मग वर्षानुवर्षांची देखभाल. उघड्यावरचं ब्राँझ सौम्य साबणाने धुऊन त्यावर मेणाचा थर द्यावा लागतो, आणि तो पावसाळा-उन्हाळ्यात झिजला की पुन्हा. फायबरचे पुतळे स्वस्त पडतात, म्हणून भेटीत तेच जास्त येतात, आणि चार-पाच उन्हाळ्यांत त्यांचा रंग उडतो, सांधे उघडतात. किनाऱ्यावरच्या शहरात तर खारी हवा आतल्या लोखंडी सांगाड्यावर सतत काम करत असते. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की बाहेरचं कवच फाडतं.

जगातली सर्वांत प्रसिद्ध भेट याच कारणाने आजारी पडली होती. न्यूयॉर्कच्या बंदरातली लिबर्टी ही फ्रेंच लोकांची अमेरिकेला भेट. पुतळा फ्रेंचांनी द्यायचा, चौथरा अमेरिकेने बांधायचा असं ठरलं होतं, आणि चौथऱ्याच्या पैशांवरच गाडी अडली. शेवटी जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून वर्गणी मागितली. एक लाखाहून अधिक डॉलर जमले, त्यात बहुतेक देणाऱ्यांची रक्कम एका डॉलरपेक्षा कमी होती. 28 ऑक्टोबर 1886 ला अनावरण झालं. बाहेरून तांब्याचा पत्रा, आतून लोखंडी सांगाडा. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात लोखंड झिजतं. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मध्ये अस्तर घातलं होतं. अस्तर काळाने गेलं. शताब्दीच्या आधी, 1980 च्या दशकात, आतल्या पट्ट्या बदलाव्या लागल्या, मशाल नवी करावी लागली.

आपल्याकडे किनाऱ्यावरच्या पुतळ्याचा विषय निघाला की मालवण आठवतंच. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा 35 फुटी पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. तो काही कुणाची खाजगी भेट नव्हती, त्यामुळे इथे त्यावर जास्त बोलत नाही. पण पुतळा म्हणजे आधी बांधकाम आणि मग कला, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला कळलं.

पॅरिसचा किस्सा मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण त्यात भेट या शब्दाची जवळजवळ सगळी सोंगं दिसतात. नोव्हेंबर 2015 मधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या वतीने पॅरिसला काही तरी द्यावं अशी कल्पना निघाली, आणि अमेरिकन शिल्पकार जेफ कून्स यांनी 'ट्यूलिपचा गुच्छ' द्यायचं 2016 मध्ये जाहीर केलं. एक प्रचंड हात, त्यात रंगीत फुलं. फुलं 11, डझनाला एक कमी, गेलेल्यांच्या आठवणीसाठी. हात लिबर्टीच्या मशालीच्या हातावरून सुचलेला. इथपर्यंत छान. मग लोकांच्या लक्षात आलं की कून्स देत होते ती कल्पना. प्रत्यक्ष वस्तू घडवायला लागणारे सुमारे 35 लाख युरो दुसऱ्यांनी, म्हणजे खाजगी देणगीदारांनी, घालायचे होते. 'मी लग्नाला आंबे पाठवतो, झाड तुम्ही लावा' असा हा प्रकार.

त्यात जागा ठरली पॅले द तोक्यो या कलासंग्रहालयाच्या समोरची, आयफेल टॉवर दिसणारी, पर्यटकांनी गजबजलेली. हल्ले झाले शहराच्या दुसऱ्या भागात. मग स्मारक इथे का? जागा हल्ल्याच्या आठवणीसाठी निवडली की कलाकाराच्या फोटोसाठी? शिवाय त्या जागेच्या खाली संग्रहालयाची दालनं, वर कित्येक टनांचं धातूचं शिल्प. खालचा मजला ते पेलेल का ही शंका. जानेवारी 2018 मध्ये फ्रान्समधल्या कलाकार, वास्तुरचनाकार आणि क्युरेटर मंडळींनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहून विरोध केला. शेवटी जागा बदलली, शाँझेलिझेच्या बाजूच्या बागेत पेती पॅलेजवळ, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये फुलं उमलली. जाहीर केल्यापासून तीन वर्षं. माझ्या मते पॅरिसने शेवटी बरोबर केलं, पण उलट्या क्रमाने. आधी 'हो' म्हटलं, कॅमेऱ्यांसमोर म्हटलं, आणि मग प्रश्न विचारायला घेतले. एका बाबतीत मात्र करार शहाणपणाचा होता: शिल्पाच्या प्रतिमेतून येणाऱ्या हक्काच्या पैशातला मोठा वाटा हल्लाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी आणि उरलेला देखभालीसाठी राखला गेला. चाऱ्याची सोय गाईसोबतच आली.

याच्या अगदी उलट टोकाला न्यूयॉर्कचा वॉल स्ट्रीटचा बैल. डिसेंबर 1989 मध्ये आर्तुरो दी मोदिका या शिल्पकाराने स्वतःच्या पैशाने घडवलेला तीन टनांहून जड ब्राँझचा बैल रातोरात शेअर बाजारासमोर आणून सोडला. परवानगी नाही, कागद नाही. पोलिसांनी उचलून नेला. लोक ओरडले, म्हणून तो जवळच्या बोलिंग ग्रीनला उभा केला, आणि आज तो शहराच्या ओळखीचा भाग आहे. यातून 'नियम धाब्यावर बसवा, लोक नंतर डोक्यावर घेतात' असा धडा कुणी काढू नये. रातोरात चौकात आणून ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. एका बैलामागे शंभर चौथरे असतात, ज्यांना हात लावायची कुणाची टाप नसते.

म्हणूनच 18 जानेवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या अशा जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये. महाराष्ट्रात पुतळ्यासाठी मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. पण ही सगळी यंत्रणा प्रामुख्याने माणसांच्या पुतळ्यांभोवती विणलेली आहे. एखाद्या कंपनीने 'शहराला भेट' म्हणून चकचकीत स्टीलचं काही तरी चौकात मांडायचं ठरवलं, तर त्याला 'सुशोभीकरण' नावाची सोपी पायवाट सापडते. आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली काय काय खपतं ते कुठल्याही उड्डाणपुलाखाली उभं राहून बघावं.

मग चांगलं काय ते ठरवायचं कुणी? इथे मला नेहमी शिकागो आठवतं. पाब्लो पिकासोने तिथल्या सरकारी इमारतीसमोरच्या चौकासाठी शिल्पाचा नमुना करून दिला आणि देऊ केलेलं एक लाख डॉलर मानधन नाकारून तो शिकागोच्या लोकांना भेट दिला. शिल्प बांधायचा खर्च खाजगी संस्थांनी उचलला. 15 ऑगस्ट 1967 ला पडदा सरला: 50 फूट उंच, 162 टन पोलाद, आणि नक्की काय आहे ते कुणालाच कळेना. बाई? कुत्रा? माकड? लोकांनी टर उडवली. आज मुलं त्याच्या उतारावरून घसरगुंडी खेळतात आणि ते काढायचं नाव कुणी घेणार नाही. म्हणजे लोकमत घेऊन ठरवलं असतं तर ते उभंच राहिलं नसतं. मला यावरून एवढंच वाटतं की आवड-नावड हा निकष पहिल्या दिवशी लावू नये. पहिल्या दिवशी विचारायचे प्रश्न कोरडे असावेत: वजन किती, पाया कोण घालणार, कुठली जागा, देखभालीचा पैसा कुठून, आणि गरज पडली तर काढायचा अधिकार कुणाचा. न्यूयॉर्कमध्ये 1898 पासून अशा कामांसाठी वेगळा आयोग आहे. शहराच्या जमिनीवर कायमचं काही उभं करायचं तर त्याची मंजुरी लागते, मग ते विकत घेतलेलं असो की फुकट आलेलं.

शेवटचा प्रश्न, काढण्याचा, आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित आहे. तिथे शहराला फक्त दात्याशी नव्हे, शिल्पकाराशीही गाठ असते. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं भलंमोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं, 140 फूट लांब. 1979 मध्ये ते उतरवून भांडारात टाकलं गेलं, त्यात तुटलं-फुटलं. सरकारने पैसे देऊन करवून घेतलेलं काम, मालकी सरकारची. तरीही 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांना पाच लाख रुपये भरपाई आणि उरलेले तुकडे परत द्यायचा आदेश दिला. कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 नुसार कलाकृती विकल्यावरही तिची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल, तर कलाकार आक्षेप घेऊ शकतो. त्याच कलमात एक दिलासाही आहे: कलाकृती मांडलीच नाही किंवा कलाकाराच्या मनासारखी मांडली नाही, एवढ्याने हक्कभंग होत नाही. सोप्या भाषेत, शहराला शिल्प नीट गुंडाळून ठेवता येईल, पण भंगारात घालण्याआधी दहा वेळा विचार करावा लागेल. मग हे सगळं भेट घेतानाच कागदावर का येऊ नये? अमुक वर्षांनी फेरविचार होईल, शहर जागा बदलू शकेल, काढायची वेळ आली तर दात्याला आणि शिल्पकाराला परत न्यायची पहिली संधी मिळेल. ज्या दात्याला हे वाचून राग येतो, त्याला भेट नव्हे, कायमची जागा हवी आहे, असं समजायला हरकत नाही.

काळ्या घोड्याच्या रिकाम्या जागेजवळ 2017 मध्ये पुन्हा एक घोडा आला. काळा घोडा असोसिएशनने तो करवून घेतला, कल्पना वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची, शिल्पकार श्रीहरी भोसले. त्याच्या पाठीवर कुणी स्वार नाही. मला ही फार हुशार भेट वाटते. उद्या कुठलंही सरकार आलं, कुठलाही इतिहास नव्याने लिहिला गेला, तरी याला उतरवायला पाठीवर कुणी बसलेलाच नाही.

आणि आमचं कारंजं. गेल्या वर्षी सभेत कुणी तरी म्हणालं, टाकीत माती भरू आणि मोगरा लावू, पाटी तशीच राहू दे. दाता सध्या मुलाकडे पुण्याला असतो. त्याला फोन केला, तो लगेच 'हो' म्हणाला, उलट त्यालाच सुटल्यासारखं वाटलं असावं. दिवाळीत आला, मोगऱ्यापाशी उभा राहिला, पाटीवरची धूळ रुमालाने पुसली आणि विचारलं, ''छान झालंय. पाणी कोण घालतं?''

सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं, मी वॉचमनकडे.